प्रसूतिवेदनेचा शोध घेणारी कल्याणची कन्या

प्रतिनिधी, मीरा-भाईंदर

ठाणे जिल्ह्यात उल्हास नदीच्या काठी कल्याण वसले आहे. तीच नदी पुढे वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते, त्या मुखाशी मीरा-भाईंदर उभे आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी या नदीच्या वरच्या काठावर वाढलेल्या एका मुलीने वयाच्या चौदाव्या वर्षी प्रसूतीच्या कळा सोसल्या, अवघ्या दहा दिवसांच्या तान्ह्याला मूठमाती दिली आणि पुढे सातासमुद्रापार जाऊन प्रसूतिशास्त्रावरच प्रबंध लिहिला. तिचे नाव डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी.

आनंदीबाईंचे चरित्र मराठी वाचकाला नवे नाही. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ मधील कादंबरी, तिच्यावरून रंगभूमीवर आलेले नाटक आणि २०१९ मधील चित्रपट यांमुळे त्या घराघरांत पोहोचल्या. मात्र जिद्दी पती, बोटीचा प्रवास, परदेशातील थंडी आणि अकाली मृत्यू या कथानकाच्या ओघात एक गोष्ट मागे पडते. ती म्हणजे त्यांच्या अभ्यासाचा विषय. वैद्यकाच्या अफाट पसाऱ्यातून त्यांनी पदवीसाठी बाळंतपण हाच विषय निवडला आणि तोही आपल्या देशातील प्राचीन परंपरेच्या अंगाने. कळा देणाऱ्या स्त्रीला आधार कोणी द्यावा, तिने चालावे की निजावे, तिच्या वेदना औषधाविना कशा हलक्या कराव्यात, हे प्रश्न त्या परंपरेत हजारो वर्षांपूर्वी चर्चिले गेले होते. आज मीरा-भाईंदरच्या प्रसूतिगृहांत दाखल होणाऱ्या स्त्रियांपुढेही तेच प्रश्न आहेत. म्हणूनच आनंदीबाईंचे जीवन या बाजूने पुन्हा पाहण्याजोगे आहे.

कल्याण ते सेरामपूर

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी कल्याणचे जमीनदार होते. घराण्याचे जुने वैभव ओसरले असले तरी वाड्याची प्रतिष्ठा शिल्लक होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ मध्ये यमुनेचे लग्न झाले आणि ती आनंदी झाली. पती गोपाळराव जोशी मूळचे संगमनेरचे, टपाल खात्यातील कारकून, बिजवर आणि वयाने वीस-एक वर्षांनी मोठे होते. बायकोने शिकले पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. त्या काळी बायकोने पुस्तक हाती धरले म्हणून मार खावा लागे. आनंदीबाईंनी पुस्तक खाली ठेवले म्हणून मार खाल्ला. पतीच्या या उग्रपणाचा उल्लेख पुढे त्यांनी स्वतःच पत्रातून केला आहे. त्याच पतीमुळे आपल्याला विद्येचा मार्ग खुला झाला, ही जाणीवही त्यांनी कधी लपवली नाही.

गोपाळरावांच्या बदल्या अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कोलकाता अशा होत राहिल्या आणि आनंदीबाईंचे शिक्षण त्या बदल्यांच्या मागे फरफटत चालले. मुंबईत त्या मिशनऱ्यांच्या शाळेत जात असत. पायांत बूट घालून, हातात पुस्तके घेऊन जाणारी ब्राह्मणाची सून रस्त्यावरच्या टवाळीचा विषय होई.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली असती तर मूल वाचले असते, ही बोच त्यांच्या मनात कायमची रुतली. त्या काळी सोवळ्या घरातील स्त्री पुरुष डॉक्टरसमोर उभी राहत नसे आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच. अंधारी, कोंदट बाळंतिणीची खोली, धुमसती शेगडी आणि हाती सापडेल त्या साधनाने नाळ कापणारी सुईण, हेच बहुतेक घरांतील चित्र होते. जंतुसंसर्गाची कल्पना घराघरांत पोहोचायला अजून बराच अवकाश होता. चौदा वर्षांच्या कोवळ्या शरीराला बाळंतपण किती कठीण जाते, हे सांगायला आज वैद्यकाची साक्ष काढावी लागत नाही. आनंदीबाईंनी ते स्वतःच्या देहावर अनुभवले होते.

दरम्यान, १८७८ मध्ये गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. धर्मांतराची अपेक्षा ठेवणारे उत्तर आले आणि तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. या योगायोगातून दोन स्त्रियांमध्ये पत्रांचा धागा जुळला आणि पुढे आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई सभेपुढे उभ्या राहिल्या. परदेशी का जाता, एकटीने का जाता, धर्म बाटणार नाही का, या सगळ्या आक्षेपांना त्यांनी इंग्रजीतून मुद्देसूद उत्तरे दिली. हिंदू स्त्रियांसाठी हिंदू स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. त्या वेळी त्यांचे वय अठराही पूर्ण नव्हते. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कोलकात्याहून बोट धरली आणि ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

फिलाडेल्फियाचे दिवस

पेनसिल्व्हेनियाचे महिला वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये स्थापन झालेले, स्त्रियांना वैद्यक शिकवणाऱ्या जगातील अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. रसायनशास्त्रज्ञ रेचेल बॉडली तिच्या अधिष्ठाता होत्या. १८८३ च्या हिवाळी सत्रात आनंदीबाई तेथे दाखल झाल्या. नऊवारी साडी, कपाळावर कुंकू, शाकाहार हे त्यांनी सोडले नाही. फिलाडेल्फियाच्या थंडीत हे सारे पाळणे म्हणजे देहाची परीक्षाच होती. धुराने भरणारी खोली, अपुरा आहार आणि अभ्यासाचा ताण यांनी मुळातच नाजूक असलेली प्रकृती खालावत गेली. त्यांच्याच बरोबरीने जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली तेथे शिकत होत्या. ऑक्टोबर १८८५ मध्ये तिघींनी आपापल्या देशाच्या वेशात काढलेले छायाचित्र आज जगप्रसिद्ध आहे.

त्या काळी पाश्चात्त्य प्रसूतिशास्त्रात मोठी उलथापालथ चालू होती. १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी प्रसूतीत प्रथम ईथर आणि त्याच वर्षी पुढे क्लोरोफॉर्म वापरले. प्रसववेदना कमी करणे धर्मसंमत आहे की नाही, यावर वाद झडले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्वतःच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतले आणि वादाची धार बोथट झाली. वेदना शमवण्याचा मार्ग म्हणजे औषध, हे समीकरण तेव्हापासून रूढ होऊ लागले. त्याच्या जोडीने आणखी एक बदल झाला. प्रसूती घरातून रुग्णालयात सरकू लागली, तशी प्रसविणारी स्त्री खाटेवर उताणी झाली. चिमटा लावण्यास, टाके घालण्यास आणि डॉक्टरला नीट पाहण्यास हीच स्थिती सोयीची होती. ती आईच्या सोयीची आहे का, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

ज्यांनी विचारला त्यांत सेंट लुईसचे डॉ. जॉर्ज एंगलमन होते. १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेत पोहोचण्याच्या आदल्याच वर्षी, त्यांचे विविध जमातींतील प्रसूतीच्या पद्धतींवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. उकिडवे बसून, गुडघ्यांवर टेकून, दोरीला किंवा खांबाला धरून, सोबतिणीच्या खांद्यावर भार टाकून बाळंत होणाऱ्या स्त्रियांची वर्णने आणि चित्रे त्यांनी एकत्र केली. स्त्रीला मोकळे सोडले तर ती सहसा उताणी पडून राहत नाही, असा त्यांच्या निरीक्षणांचा रोख होता. त्यांच्या लेखनात त्या काळच्या गोऱ्या माणसाचा उच्चताभाव आहे, पण निरीक्षण मोलाचे आहे.

अशा वातावरणात आनंदीबाईंनी आपला प्रबंध लिहिला. विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकन वैद्यकीय पाठ्यपुस्तके या दोन्हींचा आधार त्यांनी घेतला. पाश्चात्त्य महाविद्यालयात बसून आपल्या पूर्वजांच्या ज्ञानाची नोंद घ्यावीशी वाटणे, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. क्लोरोफॉर्म घेणाऱ्या त्याच राणी व्हिक्टोरियाकडून त्यांच्या पदवीची दखल घेणारा संदेशही आला.

जुन्या ग्रंथांनी काय सांगितले?

आनंदीबाईंनी ज्या परंपरेला हात घातला ती समजून घेण्यासाठी चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांतील शारीरस्थानाकडे वळावे लागते. चरकसंहितेत प्रसूतीसाठी वेगळे सूतिकागार नवव्या महिन्यापूर्वीच सज्ज करण्यास सांगितले आहे. कळा सुरू झाल्यावर स्त्रीभोवती अनेक बाळंतपणे अनुभवलेल्या, प्रेमळ, खंबीर आणि धीर देणाऱ्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. कोमट तेलाने कंबर, पाठ, कुशी आणि मांड्या हलक्या हाताने चोळाव्यात, असे सांगितले आहे. आधुनिक भाषेत ज्याला सोबतीण आणि मर्दन म्हणता येईल, ते दोन्ही येथे आहे.

याहून रोचक आहे तो एक वाद. कळा मंद असतील तर स्त्रीला उठवावे, तिच्या हाती मुसळ द्यावे आणि धान्याने भरलेल्या उखळात कांडायला लावावे, अधूनमधून तिने जांभया द्याव्यात आणि फेऱ्या घालाव्यात, असे काही आचार्यांचे मत होते. आत्रेयांनी ते मत नोंदवले आणि त्यातील अर्धा भाग नाकारला. गर्भिणीला कठोर श्रम नेहमीच वर्ज्य असतात. प्रसूतीच्या वेळी तर शरीर मुळातच अस्थिर झालेले असते, तेव्हा मुसळ उचलण्याचे श्रम तिच्या जिवावर बेतू शकतात आणि त्या घडीला उपचार करणेही कठीण जाते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून मुसळ टाळावे. जांभया देणे आणि चालणे मात्र जरूर करावे, असा त्यांनी निवाडा दिला.

हजारो वर्षांपूर्वीचा हा निवाडा आज वाचताना थक्क व्हायला होते. हालचाल हवी, दमणूक नको, हा भेद त्यात स्पष्ट आहे. कळ नसताना जोर लावू नये, तो वाया जातो. कळ आली की प्रथम हळू आणि मग वाढत्या जोराने कुंथावे, असेही चरक सांगतात. सुश्रुतसंहितेत मात्र मऊ, उशाशी उंच केलेल्या शय्येवर गुडघे दुमडून उताणे निजवावे आणि नखे कापलेल्या चार वयस्क स्त्रियांनी सेवा करावी, असे वर्णन आहे. म्हणजे परंपरा एकसुरी नव्हती. एकीकडे चालणे आहे, दुसरीकडे निजणे आहे आणि नखे कापण्यासारखा स्वच्छतेचा बारकावाही आहे.

आपल्या आजीच्या पिढीपर्यंत यातले काही व्यवहारात टिकून होते. नववा महिना लागला की उकिडवे बसून फरशी पुसायला सांगणाऱ्या सासवा शहरांतूनही होत्या. घटका भरत आली की अनुभवी बाई कंबर दाबून देई आणि अंगणात चार फेऱ्या मारायला लावी. पण ग्रंथातील स्वच्छतेचा दंडक बहुतेक घरांत लोपला होता. परंपरेने चालणे जपले आणि नखे कापणे विसरली, असेच म्हणावे लागेल. आनंदीबाईंच्या काळातील बाळंतिणींची ही खरी शोकांतिका होती. म्हणूनच जुन्या ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या आनंदीबाई जुन्या बाळंतिणीच्या खोलीत परत जाण्यास सांगत नव्हत्या. शिकलेली, प्रशिक्षित स्त्री डॉक्टर त्या खोलीत पोहोचावी, यासाठी त्यांनी आयुष्य पणाला लावले.

अपुरे राहिलेले काम

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाचे प्रमुखपद देऊ केले. हेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाते. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या पतीसह परतीच्या प्रवासाला निघाल्या. पदवीबरोबर त्यांनी क्षयही सोबत आणला होता. नोव्हेंबरमध्ये मुंबई बंदरात त्यांचे स्वागत झाले. एके काळी टवाळी करणारा समाज आता त्यांचे कौतुक करत होता, पण ज्यांचे कौतुक चालले होते त्यांना धड उभे राहवत नव्हते.

पुण्यात त्यांच्यावर उपचार झाले, पण क्षयावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी आनंदीबाईंनी देह ठेवला. कोल्हापूरच्या रुग्णालयाची पायरी त्या चढल्याच नाहीत. ज्या स्त्रियांसाठी त्यांनी हा अट्टहास केला, त्यांतील एकीचेही बाळंतपण मायदेशी डॉक्टर म्हणून त्यांच्या हातून होऊ शकले नाही. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. १८८८ मध्ये कॅरोलाइन डॉल यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले. मराठीत ते काम काशीबाई कानिटकर यांनी केले.

विज्ञानाला पुन्हा सापडलेली वाट

आनंदीबाईंच्या पश्चात प्रसूतिशास्त्राने मोठी झेप घेतली. जंतुनाशके, प्रतिजैविके, रक्तसंक्रमण, सुरक्षित सिझेरियन आणि पुढे कंबरेतून दिले जाणारे एपिड्युरल यांमुळे लाखो माता वाचल्या आणि वेदनाही आटोक्यात आल्या. पण खाटेवर उताणे निजवण्याची सवय मात्र शंभर वर्षे टिकून राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडचे ग्रँटली डिक-रीड आणि फ्रान्सचे फर्नां लामाझ यांनी भीती, ताण आणि वेदना यांचे नाते दाखवून श्वासोच्छ्वास व शिथिलीकरणाचे शिक्षण सुरू केले. १९७० च्या दशकात उरुग्वेचे रॉबेर्तो काल्देइरो-बार्सिया यांनी प्रसूतीतील देहस्थितीचा शास्त्रीय अभ्यास केला आणि उताण्या स्थितीचे तोटे जगापुढे मांडले.

त्यामागील कार्यकारणभाव समजण्यास सोपा आहे. गर्भवती पाठीवर सपाट निजली की भरलेल्या गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि बाळाकडे जाणारा पुरवठाही घटू शकतो. उभे राहिल्यास किंवा पुढे झुकल्यास हा भार हटतो, बाळाच्या डोक्याचा दाब गर्भाशयाच्या मुखावर नीट पडतो आणि गुरुत्वाकर्षणाची मदत मिळते. उकिडवे बसल्यावर किंवा गुडघ्यांवर टेकल्यावर माकडहाडाला मागे सरकायला मोकळीक मिळते आणि ओटीपोटाचा बाहेरचा मार्ग थोडा रुंदावतो.

वेदनेचे गणितही वेगळे आहे. १९६५ मध्ये, आनंदीबाईंच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी, रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा द्वारसिद्धांत मांडला. मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक दार असते. स्पर्श, दाब आणि हालचाल यांचे संदेश तेथे पोहोचले की ते दार काही अंशी लोटले जाते. कंबर चोळल्याने बरे का वाटते, याचा उलगडा त्यातून होतो. सुईणीचा हात जे अनुभवाने करत होता, त्याला शास्त्राचा आधार मिळाला.

आजच्या प्रसूतिकक्षात सुचवल्या जाणाऱ्या हालचाली साध्या आहेत. सुरुवातीच्या कळांत संथपणे चालणे. कळ आली की थांबून भिंतीला, खाटेच्या कठड्याला किंवा सोबत्याच्या खांद्याला टेकून कंबर हलकेच झुलवणे. मोठ्या रबरी चेंडूवर पाय फाकवून बसून कमरेने गोल फिरणे. कंबरेतच कळा येत असतील तर रांगण्याच्या स्थितीत येऊन पाठ वर-खाली करणे आणि सोबतिणीने माकडहाडाच्या वरच्या भागावर तळहाताने घट्ट दाब देणे. दमल्यावर डाव्या कुशीवर निजून दोन गुडघ्यांत उशी ठेवणे. यातील एकच स्थिती तासन्‌तास धरून ठेवायची नसते. शरीर सांगेल तशी ती बदलत राहणे, हेच या पद्धतीचे सूत्र आहे. कळ चढताना श्वास कोंडू न देता लांब सोडणे, हा त्याचा जोडीदार. आत्रेयांनी सुचवलेली जांभई जबडा आणि गळा सैल करते, हे येथे आठवावे.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २५ अभ्यासांतील ५,२१८ स्त्रियांची माहिती तपासली गेली. प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यात उभ्या किंवा चालत्या राहिलेल्या स्त्रियांचा तो टप्पा निजून राहिलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे १ तास २२ मिनिटांनी कमी झाल्याचे त्यात आढळले. सिझेरियन आणि एपिड्युरलची गरजही कमी दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या ५६ शिफारशींत, जोखीम नसलेल्या स्त्रियांना प्रसूतीत हिंडू-फिरू द्यावे, त्यांच्या आवडीची स्थिती घेऊ द्यावी, मर्दन, शेक आणि शिथिलीकरण हे पर्याय द्यावेत, असे म्हटले आहे. भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मुभा दिली आणि २०१८ मध्ये प्रशिक्षित सुईण-परिचारिकांच्या सेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

मुसळाचा इशारा

तरीही आत्रेयांचा मुसळाविषयीचा इशारा विसरून चालणार नाही. रक्तस्राव होत असेल, रक्तदाब वाढलेला असेल, बाळाच्या हृदयाचे ठोके बिघडत असतील, पाणमोट फुटली असताना बाळाचे डोके अजून वर असेल, किंवा एपिड्युरलमुळे पाय बधिर झाले असतील, तर स्वतःच्या मनाने चालणे धोक्याचे ठरू शकते. प्रत्यक्ष जन्माच्या वेळी उभ्या स्थितीत चिमट्याची व छेदाची गरज कमी पडत असली तरी रक्तस्राव काहीसा जास्त होण्याची शक्यता अभ्यासांत दिसली आहे. त्यामुळे शेजारी जाणती परिचारिका आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर हवाच. हालचालीने वेदना हलकी होते, नाहीशी होत नाही. आणि ती असह्य झाली म्हणून औषध मागणाऱ्या स्त्रीला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ मध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. नोकरीनिमित्त दूरदूरहून आलेल्या कुटुंबांच्या या शहरात बाळंतपणासाठी माहेर गाठता न येणाऱ्या स्त्रिया पुष्कळ. कंबर दाबणारी आजी गावी राहिली आणि चार फेऱ्या घालायला अंगणही उरले नाही. अशा स्त्रीला प्रसूतिकक्षात एक ओळखीचा हात, चालायला थोडी जागा आणि कुशीवर वळण्याची मुभा मिळाली, तर ती काही चैन ठरत नाही. नाव नोंदवताना सोबतीण आत येऊ शकेल का, कळा सुरू असताना चालता येईल का, हे दोन प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारून ठेवणे प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

आनंदीबाईंच्या प्रबंधाचे हस्तलिखित आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जतन केलेले आहे. शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांचे नाव दिले आहे. इतक्या दूरवर पोहोचलेल्या या नावाचे खरे स्मारक मात्र उल्हास नदीच्या काठांवरील प्रसूतिकक्षांतच उभे राहू शकते. चौदा वर्षांच्या त्या मुलीला कळांच्या रात्री जाणता हात मिळाला नव्हता. तो हात आज मीरा-भाईंदरमधील प्रत्येक प्रसविणाऱ्या स्त्रीच्या कंबरेवर असला, तर कोल्हापूरला अपुरे राहिलेले आनंदीबाईंचे काम पुढे गेले, असे म्हणता येईल.